महिपती मास्तरांचा नेम

सोमवार, ता. २ डिसेंबर १९३५

रामहरीराव यांस,

नाव घेऊन लिहिते आहे. बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण मी तुमची बायको नाही हे तुमच्या घरानं फार पूर्वीच ठरवलं, तेव्हा ती अडचण उरली नाही. पत्र कचेरीत न पाठवता बारामतीच्या घरी पाठवते आहे. लीलाबाईंनी आधी फोडलं तर त्यांनाही वाचू द्या. माझ्या जागी आलेल्या बाईला ती जागा रिकामी कशी झाली हे कळायला हरकत नाही.

इंदापूर तालुक्याच्या शाळा तपासायचं काम तुमच्याकडे आलं हे मला दिवाळीतच कळलं होतं. येत्या शनिवारी तुम्ही माझी शाळा बघायला येणार, असा हुकूम आज हातात पडला. खाली तुमची सही. सही आता वळणदार झाली आहे; शाळेत असताना तुमचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं होतं. हुकुमात तुम्ही मला नुसतं 'शिक्षिका सिंधुबाई' म्हटलं आहे, जणू जन्मात कधी गाठ पडली नाही. ठीक आहे, मग मीच ओळख करून देते.

शाळा म्हणजे एक लांब खोली आणि पुढं ओसरी. कळंबच्या वाटेवर, कालव्याच्या अंगाला. तिसरी ते सहावी एवढ्या इयत्ता त्या एका खोलीत, आणि शिकवायला मी एकटी. तुमच्या आधीच्या साहेबांनी याला गोंधळ म्हटलं होतं. मी सहावीला भूमिती सांगत असते तेव्हा तिसरी कित्ता गिरवते, चौथी नकाशा काढते, पाचवी मनात वाचते. पण कान कुणाचे बांधून ठेवले आहेत? सहावीला सांगितलेलं चौथी ऐकते, आणि पाचवीला विचारलेलं तिसरीतलं एखादं शेंबडं पोर ओरडून सांगून मोकळं होतं. आपणही असेच शिकलो. मी दहा वर्षांची असताना तुमचे सहावीचे हिशेब मला यायचे. ते तुम्ही विसरला नसाल.

आज मी पोरांना एक जुना खेळ शिकवला. सगळ्या इयत्ता एका रांगेत उभ्या करायच्या, वरच्या टोकाला सहावी, खाली तिसरी. तोंडी हिशेब वरून विचारत खाली यायचं. ज्याला उत्तर येईल त्यानं, न आलेल्या प्रत्येकाचं डाव्या हातानं नाक धरायचं, उजव्या हातानं गालात एक द्यायची, आणि वर जाऊन उभं राहायचं. पोरं खूश झाली. हा आपल्या महिपती मास्तरांचा नेम. मी इथं आल्यापासून तो कधी चालू दिला नव्हता. या आठवड्यात तो मी तुमच्यासाठी चालू केला आहे. शनिवारी खुर्चीवर बसून बघा.

सिंधु

मंगळवार, ता. ३ डिसेंबर

रामहरीराव,

आज तुम्हाला दोन मुलं दाखवते.

रतन चौथीत आहे. आई लहानपणीच गेली, म्हणून तिच्या आत्यानं, बनाबाईनं, तिला इकडं आणलं. गेणू हा बनाबाईचा मुलगा, सहावीत. अंगानं दांडगा, हिशेबात कच्चा, ओठावर मिसरूड येऊ घातलेलं. पाच वर्षांमागं लहान पोरांची लग्नं बंद करणारा कायदा येणार अशी आवई उठली, तेव्हा गावोगाव घाईनं अक्षता पडल्या. त्यात या दोघांच्याही पडल्या. मामाचीच पोरगी, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. तेव्हा माझ्या या खोलीत सहावीत नवरा आणि चौथीत बायको असं जोडपं बसतं.

काय म्हणते ते तुमच्या ध्यानात आलं असेल. लीलाबाईंसाठी मात्र नीट सांगायला हवं.

आपलं लग्न गावातल्या गावातलं. नरसिंहपूरच्या अलीकडं आपलं गाव, तुमचं घर आणि माझ्या वडलांचं घर एकाच आळीत. मी दहा वर्षांची, तुम्ही पंधरा. महिपती मास्तरांनी माझ्या वडलांना गळ घातली म्हणून मी लग्नानंतरही शाळेत जात राहिले. एक दिवस मास्तरांनी औटकी विचारली. लीलाबाई, औट म्हणजे साडेतीन. तेरा औट किती? वरपासून सगळी गप्प. पाचवी गप्प. मी म्हटलं, साडेपंचेचाळीस. मास्तर सवयीनं म्हणाले, "जा वर." आणि मी गेले. एकेकाचं नाक धरत, एकेकाला देत गेले, आणि सगळ्यात वर तुम्ही उभे होता. मास्तरांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही. दहा वर्षांच्या पोरीला वर्गात नवरा कुठला दिसतो, तिला नंबर दिसतो. तुमचं नाक धरायला मला टाचा उचलाव्या लागल्या होत्या.

शनिवारी मी औटकी विचारणार आहे. गेणूला ती येत नाही. रतनला येते.

रतनला आज मी पुढं बसवलं. तिसरीच्या पोरींनी अंगणात ओल्या मातीनं नीरा आणि भीमा काढली, चौथीनं त्यावर गावं मांडली, आणि सहावीनं कालवा कुठून फुटतो ते दाखवलं. गेणूनं कालवा उलटा काढला, पाणी चढावर नेलं. रतन हसली. तो चिडला का, हे मी बघत होते. तो मातीत तोंड घालून बसला होता, दिसलं नाही.

सिंधु

बुधवार, ता. ४ डिसेंबर

रामहरीराव,

सोमवारचं पत्र आज तुमच्या घरी पोचलं असेल. घास घशाखाली गेला का?

तुम्हाला वाटत असेल, बाई एका थोबाडीसाठी अजून धुमसते आहे, किंवा टाकून दिल्याचं रडगाणं गाते आहे. तसं नाही. टाकलेल्या बायका तालुक्यात खूप आहेत, त्या सगळ्यांनी सूड धरला तर तुमच्या बारामतीच्या बाजारात पुरुष दिसायचे नाहीत. माझं दुखणं वेगळं आहे.

त्या थोबाडीनंतर धोंडाबाईंनी, तुमच्या आईंनी, आळीभर सांगितलं, "जिनं भर शाळंत नवऱ्याचं नाक धरलं, ती घरात येऊन काय करंल?" माझे वडील पंचांकडे गेले. पंच तुमच्याच अंगणात बसले. शाळेचा नेम सगळ्या गावाला ठाऊक होता, तेव्हा प्रश्न एकच उरला. नवऱ्याच्या बाबतीत मास्तरांनी पोरीला अडवलं होतं की नव्हतं? ज्यांनी सांगायचं ते महिपती मास्तर त्या वेळी मानमोडीच्या तापानं अंथरुणाला खिळले होते, आणि त्यातच गेले. पंचांनी तुम्हाला विचारलं. मी दाराआड उभी होते. तुम्ही खाली बघून म्हणालात, "मास्तरांनी हिला नको म्हटलं व्हतं. हिनं आपणहून मारलं."

हे मी आज तुमच्या शब्दांत लिहिलं आहे, एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

खरं सांगितलं असतं तर फार तर पोरांनी तुम्हाला चार दिवस चिडवलं असतं. खोटं सांगितल्यावर मी घराबाहेर गेले. वडील मला घेऊन मामाकडे आले, मामानं पुण्याला ठेवलं, मी शिकले, मास्तरीण झाले. लोक म्हणतात बाईचं बरंच झालं. म्हणोत. माझ्या आईला मरेपर्यंत वाटत राहिलं की आपली पोर मुळातच उद्धट. ते तिच्या मनातून मला काढता आलं नाही.

आज सहावीला घेऊन उसाच्या फडाला साखळी लावली. क्षेत्रफळ काढायचं होतं. मागोमाग चौथी आलीच. सहावीची पोरं लांबी-रुंदीच्या गुणाकारात अडकली तेव्हा रतननं बांधावर बसून, काडीनं मातीत लिहून गुंठे काढले. मी तिला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. मुद्दाम जरा जास्तच दिली. तिला तिच्या हुशारीची चटक लागायला हवी, म्हणजे शनिवारी हात मागं येणार नाही.

सिंधु

गुरुवार, ता. ५ डिसेंबर

रामहरीराव,

आज रांग लावली आणि औटकी विचारली. नऊ औट. काल संध्याकाळीच रतननं मला ती पुरी म्हणून दाखवली होती. वरून सगळे गप्प, गेणू गप्प, पाचवी गप्प. रतनपाशी आले. ती माझ्या पायांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "येत न्हाय, बाई."

मी पुन्हा विचारलं. येत न्हाय. पाच औट विचारलं, जे तिसरीलाही येतं. तेही येत न्हाय. मला इतका संताप आला की पट्टी हातात घेतली. पट्टी खाली ठेवली, पण बाकीच्यांना सोडून तिला एकटीला थांबवून घेतलं.

विचारलं, का गं, काल येत होतं ते आज कुठं गेलं? ती पाटी पुसत राहिली. मग म्हणाली, "त्यांचं नाक धरल्यावर आत्या मला कुठं ठिवंल, बाई?"

तिला हे कुणी सांगितलेलं नाही. बनाबाई कडक आहे, पण रागावली नव्हती. तिला या खेळाचा पत्ताही नाही. पोरीनं आपलं आपण जोखलं. मी दहा वर्षांची असताना मला हे कळलं नाही, हिला कळतं. तुमच्यासारख्यांच्या जगात राहायचं तर माहीत असलेलंसुद्धा माहीत नाही म्हणावं, हे ती चौथीतच शिकली, आणि तो धडा मी दिलेला नाही.

मला तिची दया आली. खोटं कशाला बोलू, सूडही सुटेना. बनाबाईनं तिला शाळेतून काढली तर तिला माझ्यासारखा मामाही नाही. हे समोर दिसत असूनही मी तिला म्हटलं, "येतं ते सांगायला भिऊ नकोस." कुणासाठी म्हटलं ते मलाच ठाऊक.

सिंधु

शुक्रवार, ता. ६ डिसेंबर

रामहरीराव,

तुमचा शिपाई आज चिठ्ठी घेऊन आला. उद्या प्रत्येक इयत्तेची तोंडी परीक्षा स्वतंत्र होईल, एक इयत्ता आत असताना बाकीच्या ओसरीवर बसतील. म्हणजे पत्रं पोचली. एवढे मोठे साहेब, आणि चौथीतल्या पोरीचा हात सहावीतल्या नवऱ्याच्या नाकाला लागू नये म्हणून ओसरी शोधावी लागली. मी हुकूम मानीन. माझी नोकरी तुमच्या शेऱ्यावर आहे हे मी विसरलेले नाही, आणि तुम्ही ते विसरावं अशी अपेक्षाही नाही.

पोरांकडून शाळा सारवून घेतली. तिसरीला कविता पाठ आहे, पाचवीचं वाचन बरं आहे. सारवताना गेणू माझ्याजवळ आला. म्हणाला, "बाई, रतनला औटकी येतीया. म्हशीला पानी दावताना समदी म्हनती. मग काल येत न्हाय म्हनली तवा तुमी तिला तशीच का सोडली?" मी त्याला म्हटलं, आपलं काम कर.

गेणूचा चेहरा मला आवडत नाही. आठवडाभर तो रांगेत वरच्या टोकाला उभा राहिला की मला तुम्हीच दिसता. त्यात त्याचा काही दोष नाही, पण आहे हे असं आहे. तो चुगली करतो आहे असंच मला वाटलं. उद्या तुमच्यासमोर त्याची मान खाली गेलेली बघायला मिळाली तर मला वाईट वाटणार नाही.

औटकी विचारायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. रतनकडं बघितलं की नको वाटतं. तुमची सही बघितली की वाटतं, विचारावी.

सिंधु

रविवार, ता. ८ डिसेंबर

रामहरीराव,

काल तुम्ही इथं होता, तरी सगळं लिहिते आहे, कारण तुम्ही बहुतेक वेळ खिडकीबाहेर बघत होता.

पत्रं वाचूनही तुम्ही आलात. टोपी काढून मेजावर ठेवलीत, माझ्याकडं न बघता 'चालू द्या' म्हणालात. केस पुढून गेले आहेत तुमचे. तिसरीनं कविता म्हटली, चौथीनं नकाशा दाखवला, पाचवीनं वाचलं. रतनला तुम्ही काही विचारलंच नाही. शेवटी सहावी आत घेतलीत, बाकीच्या ओसरीवर. ओसरीवर गावातली माणसंही जमली होती, साहेब आले म्हणून. बायकांत बनाबाई होती. तुम्ही सहावीला राजे विचारलेत, व्याकरण विचारलंत. हिशेबाचं नाव काढलं नाहीत. परीक्षा आटोपली असं म्हणून तुम्ही टोपीकडं हात नेलात.

तो हात बघितला आणि माझं ठरलं. मी म्हटलं, साहेब, तोंडी हिशेब राहिला. आणि तुमचं उत्तर यायच्या आत विचारलं, एकोणीस औट किती?

सहावी गप्प. तुम्ही खिडकीकडं वळलात. गेणू सगळ्यात वर उभा होता, त्यानं बोटं मोजली, ओठ हलवले, सोडून दिलं. त्याची मान खाली गेलेली बघायची, माझं एवढंच काम होतं, झालं होतं. रतन बाहेर होती, तिला कुणी विचारणार नव्हतं. मग गेणूच म्हणाला, "साहेब, भाईर रतन हाय, तिला येतंय. बोलवू का?" तुम्ही खिडकीबाहेरच बघत राहिलात. त्यानं दारातून हाक मारली, "रतन, ये की आत. सांग."

ती उंबऱ्यावर आली. माझ्याकडं नाही, त्याच्याकडं बघितलं तिनं. तो म्हणाला, "म्हशीम्होरं म्हनती न्हवं, मग हितं सांगाया काय झालं?" ती म्हणाली, साडेसहासष्ट. अगदी हळू, पण ओसरीपर्यंत गेलं.

'जा वर' म्हणायला माझी जीभ उचलली नाही, एवढं मात्र माझ्या बाजूनं लिहून ठेवा. गेणूनंच गुडघ्यांवर हात टेकले, तोंड तिच्यापुढं खाली आणलं आणि म्हणाला, "घे." पोरीनं नाक धरलं, गालावर हात टेकवला, मारला असं म्हणता येणार नाही. मग बाकीच्या सहावीला मात्र तिनं जोरात दिल्या.

बनाबाई आत आली ती पदर खोचूनच. कुनी सांगितलं हिला दादल्याला माराया, असं विचारलं तिनं. रतन माझ्यामागं दडली. गेणू मधे उभा राहिला. "नेमच हाय आई ह्यो. मला आलं न्हाय, तिला आलं. मीच म्हनलं तिला." ज्याच्या तोंडावर मी आठवडाभर तुमचं तोंड लावून बसले होते, त्या पोरानं तुम्हाला सतरा वर्षांत जमलं नाही ते एका दमात सांगितलं. मी त्याची माफी मागायला हवी. अजून मागितलेली नाही.

बनाबाईचं समाधान झालं नाही. पोराचं काय, तो कुणाचीही बाजू घेईल. तिनं तुमच्याकडं बघितलं. खोलीत खुर्चीवर बसलेला माणूस तुम्ही एकटेच होता. तिनं विचारलं, "साहेब, तुमी सांगा. नवऱ्याला माराया बी नेम असतुया का? का हिनं आपणहून मारलं?"

हे मी जुळवून आणलेलं नव्हतं. एवढं जुळवायची अक्कल मला नाही. मी फक्त तुमच्याकडं बघत राहिले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग खाली बघून नाही, सरळ बनाबाईकडं बघून म्हणालात, "नेम सगळ्यांना सारखा. मुलीनं आपणहून काही केलेलं नाही. तिचा दोष नाही." टोपी घेतलीत आणि गाडीत जाऊन बसलात.

पुढचं तुम्ही बघितलं नाहीत. साहेबच म्हणतो म्हटल्यावर बनाबाईनं खोचलेला पदर सोडला. मग रतनला पुढं ओढून म्हणाली, "तुला येतंय तर ह्याला बी शिकीव की घरी. माझ्या पोराला समद्यांच्या म्होरं असं उघडं पाडतीस व्हय?" आणि तिघंही घरी गेली. उद्या रतन शाळेत येणार आहे, असा बनाबाईचा निरोप आहे.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. रात्री जेवण गेलं नाही. मला राग आला, तुमचा तर आलाच, त्या पोरीचासुद्धा आला. मी लहानपणापासून तेच वाक्य मागत होते. तुम्ही ते एका परक्या पोरीला देऊन टाकलंत, आणि द्यायला तुम्हाला काहीच लागलं नाही. काही तुटलं नाही, कुणी हसलं नाही, साहेबी तशीच राहिली. म्हणजे तेव्हाही काही लागलं नसतं. हे कळणं मला आजवरच्या सगळ्याहून जड गेलं.

तेव्हा सूड फिटला असं समजू नका. माझी आई गेली, पंचांपैकीही कुणी राहिलं नाही. धोंडाबाई आहेत. पुढच्या रविवारी मी गावी येते आहे. तुमच्या त्याच अंगणात बसेन. तुम्ही बारामतीहून त्याच्या आधी पोचा आणि काल बनाबाईला सांगितलंत तेच तुमच्या आईला सांगा, माझं नाव घेऊन, आळीतली चार माणसं बोलावून. आला नाहीत तर हे मी सांगेन, आणि माझ्या सांगण्यात तुमची गय होणार नाही.

धोंडाबाईंना आता कमी ऐकू येतं, असं कळलं. मोठ्यानं सांगा.

सिंधु